वाईनच्या वार्षिक याद्या आणि पाडव्याची वही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत जगातील शंभर उत्तम वाईनच्या वार्षिक यादीविषयी एक चौकट छापून आली होती. त्या दिवशी आमच्या गावचा बाजार होता आणि दुपारपर्यंत चार जणांनी ती चौकट, कुणी कापून तर कुणी मोबाइलवर फोटो काढून, माझ्या दुकानात आणली. "भाऊ, यातली पयल्या नंबरची हाये का?" हा चौघांचाही पहिला प्रश्न होता. मी यवतमाळ जिल्ह्यात, वणी तालुक्यातल्या एका बाजारगावात गेली एकोणीस वर्षे हे दुकान चालवतो. सरकारी कागदात त्याला एफएल-२ म्हणतात, लोक वाईन शॉप म्हणतात, आणि माझ्या मांडणीत वाईनसाठी आजही एकच फळी आहे. त्या एका फळीवर माझा जीव आहे, म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी ते आपण छापावे, अशी विनंती आहे.

आधी या याद्यांच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलतो. अमेरिकेतील 'वाईन स्पेक्टेटर' हे मासिक १९८८ पासून दरवर्षी शंभर वाईनची यादी काढते. वर्षभरात त्यांचे परीक्षक दहा हजारांहून अधिक वाईन चाखतात, त्यातल्या नव्वद किंवा त्याहून जास्त गुण मिळालेल्या वेगळ्या काढतात आणि मग गुण, किंमत, बाजारात किती पेट्या आल्या आणि त्या बाटलीने परीक्षकांच्या मनात किती उत्सुकता निर्माण केली, या चार गोष्टी पाहून क्रम लावतात. म्हणजे पहिल्या क्रमांकाची वाईन ही सर्वाधिक गुणांची असतेच असे नाही. ही पद्धत मला आवडते. नुसत्या गुणांवर क्रम लावला असता तर दरवर्षी त्याच चार-पाच अतिमहाग बाटल्या वर आल्या असत्या. किंमत आणि उपलब्धता मोजल्यामुळे एखाद्या साध्या घराण्याची, म्हणजे वाईन बनवणाऱ्याची, बाटलीही वर येऊ शकते. शिवाय यादी आली की माणसे बोलतात. ज्या चौघांनी ती चौकट आणली, त्यातल्या तिघांनी त्याआधी माझ्या त्या फळीकडे कधी मान वळवूनही पाहिले नव्हते. त्या दिवशी ते अर्धा-अर्धा तास उभे राहिले, बाटल्या हातात घेऊन त्यांच्यावरची बारीक अक्षरे वाचू लागले, आणि हे घडवून आणल्याबद्दल मी आपल्या पुरवणीचे मनापासून आभार मानतो.

पण त्या चौकटीत एक गोष्ट सुटली होती आणि तिच्यामुळे चौघांचाही घोटाळा झाला. यादी यंदाची म्हणून त्यांना वाटले की वाईनही यंदाचीच असणार. प्रत्यक्षात बाटलीवर छापलेले वर्ष हे द्राक्षतोडणीचे वर्ष असते. २०२४ च्या यादीत पहिला क्रमांक मिळालेली चिली देशातली डॉन मेल्चोर ही कॅबर्ने सोव्हिन्याँ (तांबड्या वाईनच्या द्राक्षाची एक जात) २०२१ च्या तोडणीची होती. त्याआधीच्या वर्षी पहिली आलेली इटलीतील आर्जानो घराण्याची ब्रुनेल्लो ही तांबडी वाईन २०१८ ची होती, आणि २०२० साली पहिली आलेली स्पेनमधली कास्तियो इगाय तर थेट २०१० ची. दहा वर्षे पिंपात आणि बाटलीत मुरून मग ती शर्यतीत उतरली होती. आमच्याकडे जुना गूळ, जुने तूप आणि मुरलेले लोणचे यांची किंमत घरच्या आजीला कळते, त्यामुळे एवढे समजावून सांगितले की माणसांना ते लगेच पटते. फक्त कुणीतरी ते सांगायला हवे असते.

डिसेंबर महिन्याचेही तसेच आहे. युरोपात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात, त्यामुळे तिकडे डिसेंबरात हंगाम संपून हिशेबाला बसायची वेळ झालेली असते. आपल्या नाशिकच्या बागांचे घड्याळ उलटे चालते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (वेल खालपर्यंत छाटणे), सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च या महिन्यांत तोडणी. म्हणजे जेव्हा जगाच्या याद्या जाहीर होतात तेव्हा आपला माल वेलीवर असतो, आणि आपली पांढरी वाईन टाकीतून बाटलीत येते तेव्हा उन्हाळा माथ्यावर असतो. म्हणूनच मी माझी स्वतःची यादी, जिच्याविषयी पुढे लिहिणार आहे, ती गुढीपाडव्याला पुरी करतो. आमच्याकडे सालगड्याचे सालही पाडव्यालाच संपते आणि पाडव्यालाच सुरू होते. शेतातल्या वस्तूचा हिशेब त्याच दिवशी करावा, हे मला रास्त वाटते.

क्रम लावण्याच्या या खटाटोपाचा इतिहास मला फार जवळचा वाटतो, कारण त्यात आमच्या बाजारातली माणसे भेटतात. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या तांबड्या वाईनची पाच वर्गांत जी प्रसिद्ध प्रतवारी झाली, ती कुणी पंडितांनी चाखून केलेली नव्हती. ती तिथल्या दलालांनी केली आणि तिचा आधार होता वर्षानुवर्षे बाजारात मिळत आलेला भाव. आमच्या कापसाच्या बाजारातला कोणीही जुना आडत्या हे ऐकून मान डोलावेल. ती प्रतवारी जवळजवळ जशीच्या तशी आजही चालते. तिच्यातला सर्वांत गाजलेला बदल १९७३ साली झाला, जेव्हा मुताँ रॉथशिल्ड या घराण्याला दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात घेतले गेले. एकदा लागलेला क्रम बदलायला शंभर वर्षांहून जास्त काळ लागला, हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो होतो.

दुसरी गोष्ट तर एका दुकानदाराचीच आहे. स्टीव्हन स्परिअर हा इंग्रज माणूस पॅरिसमध्ये वाईनचे दुकान चालवत असे. त्याने २४ मे १९७६ रोजी फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या नामांकित बाटल्या आणि कॅलिफोर्नियाच्या तुलनेने नवख्या बाटल्या नावे झाकून ठेवल्या. तांबड्या गटात स्टॅग्ज लीप या घराण्याची १९७३ ची कॅबर्ने पहिली आली आणि पांढऱ्या गटात शातो माँटेलेना या कॅलिफोर्नियाच्याच घराण्याची १९७३ ची शार्दोने. ज्यांनी आयुष्यभर फ्रेंच वाईनचे गुण गायले त्यांनीच, नाव दिसत नसताना, दुसऱ्यांच्या बाटलीला पहिला क्रमांक दिला. त्या दिवसानंतर जगभरच्या नव्या द्राक्षबागांना हिंमत आली, असे म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले आणि पुढे नाशिकच्या वाईनला भौगोलिक मानांकनही मिळाले. या सगळ्यामागे त्या हिंमतीचा काही अंश असेल असे मला मनापासून वाटते.

आता गुणांविषयी. शंभरपैकी गुण देण्याची रीत अमेरिकेतील रॉबर्ट पार्कर या परीक्षकाने १९७८ पासून आपल्या पत्रिकेतून रूढ केली आणि तिचा नमुना तिकडच्या शाळेतल्या गुणांचा होता. ही मोजपट्टी पन्नासपासून सुरू होते. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पन्नास मार्क वही कोरी ठेवल्याचेच मिळत असतील, तर मग नव्वद आणि ब्याण्णव यांतल्या फरकाचा अर्थ काय लावायचा?" छत्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाचा तो प्रश्न होता आणि मला त्याचे उत्तर शोधणे भाग पडले.

उत्तर शोधताना मी कापसाचाच आधार घेतला. कापसाची प्रत ठरवताना धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येते, ओलावा यंत्रावर दिसतो, रुईचा उतारा जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करताना, कळतो, कवडी (किडका कापूस) किती आहे ते डोळ्यांना दिसते. दोन वेगवेगळ्या माणसांनी मोजले तरी लांबी बदलत नाही. वाईनमधला मद्यार्क, आम्लता आणि उरलेली साखर हीसुद्धा प्रयोगशाळेत अशीच मोजता येतात. पण ती कुणाच्या जिभेला किती रुचली, हे मोजण्याचे यंत्र नाही. तिथे माणूसच काटा होतो, आणि काट्याची कसोटी घ्यावी लागते. कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतील वाईन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी ती घेतली. ते स्वतः वाईन बनवणारे आणि संख्याशास्त्राचे अध्यापक. परीक्षकांना न सांगता, एकाच बाटलीतली वाईन त्यांच्यापुढे इतर पेल्यांमध्ये मिसळून तीन वेळा ठेवली जाई. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले की तिन्ही वेळा जवळपास सारखाच निवाडा देणारे परीक्षक दहा टक्क्यांच्या आसपासच होते, आणि एका वर्षी जे अचूक ठरले ते पुढच्या वर्षी तसेच अचूक ठरले नाहीत. यावरून परीक्षक खोटे आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. दिवसाला अनेक पेले चाखणारी जीभ थकते, आधीच्या पेल्याची चव पुढच्यात उतरते, एवढाच त्याचा अर्थ आहे. कापसाच्या हर्रासात (लिलावात) सकाळी पहिल्या गाडीला आणि दुपारी चाळिसाव्या गाडीला एकच माणूस वेगवेगळी नजर लावतो, हे शेतकरी जाणतोच. म्हणून तर शेतकरी पहाटे निघून गाडी पुढे लावण्यासाठी धडपडतो.

गुणांचा प्रश्न असा मिटतो, पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न उन्हाचा आहे, आणि त्याविषयी मी कुठल्याच यादीत एक ओळ वाचलेली नाही.

वाईन साधारण बारा ते चौदा अंशांच्या गारव्यात, अंधारात, हलवाहलव न करता ठेवावी असे तिचे शास्त्र सांगते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात, आणि माल ज्या गाडीतून येतो तिला ताडपत्रीशिवाय दुसरे छप्पर नसते. काही वर्षांपूर्वी एका यादीत चांगले गुण मिळालेली परदेशी तांबडी वाईन एका गिऱ्हाइकाने मुलाच्या साखरपुड्यासाठी मागितली. आपल्याकडे परदेशी वाईनवर अनेक वर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलेले असल्याने ती मुळातच महाग होती. तरीही एका ठोक विक्रेत्याकडून सहा बाटल्या मागवल्या. मे महिन्याचे दिवस होते. गाडी वाटेत बिघडली आणि सबंध दुपार रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहिली. माल हातात आला तेव्हा दोन बाटल्यांची बुचे वर सरकलेली दिसत होती आणि एकीच्या मानेवर चिकट ओघळ सुकला होता. मी ते गिऱ्हाइकाला दाखवले, घेऊ नका म्हटले, पण कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. नंतर उरलेल्या बाटलीतला एक पेला त्यांनी मुद्दाम माझ्या घरी पाठवला. त्यात ताज्या फळाचा मागमूस नव्हता. करपलेल्या मुरंब्यासारखी चव होती. ज्या परीक्षकाने त्या वाईनला गुण दिले होते त्याने ते प्रामाणिकपणेच दिले असणार, पण त्याने चाखलेली वस्तू आणि आमच्या गावात पोहोचलेली वस्तू या दोन वेगळ्या वस्तू होत्या. मी त्या गिऱ्हाइकाचे पैसे परत केले. तेव्हापासून मार्च ते जून या काळात महागडी तांबडी वाईन मी मागवतच नाही, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला लागून, कूलरच्या वाऱ्यात वाईनची पेटी ठेवतो.

याच प्रसंगानंतर मी वही सुरू केली. दुकानात बाटली उघडून चव देण्याची परवानगी आमच्या परवान्यात नाही. मालाची जाहिरात करता येत नाही आणि करूही नये. तेव्हा माझ्या यादीला परीक्षक कोण, हा प्रश्न होता. उत्तर असे सापडले की जो माणूस एक वाईन घरी नेऊन, आपल्या ताटासोबत, आपल्या माणसांत बसून चाखतो आणि महिना-दोन महिन्यांनी तीच वाईन मागायला स्वतःहून परत येतो, तोच परीक्षक. पहिल्या खरेदीला माझ्या वहीत एकही गुण नाही. परत आला की एक गुण. येताना दुसऱ्या कुणाला सोबत आणले तर दोन. दिवाळीला साहेबांना भेट द्यायला नेलेली बाटली धरत नाही, कारण ती नेणाऱ्याने चाखलेली नसते. आणि घरातल्या बाईने तिच्याविषयी काही मत दिले असेल तर ते शब्दशः लिहून ठेवतो. दरवर्षी पाडव्याला बेरीज करून पहिल्या पाच वाईनची नावे लिहितो आणि पहिल्या आलेल्या बाटलीपुढे वहीत हळदीकुंकवाचे बोट टेकवतो. यादी मी भिंतीला लावत नाही. विचारणाऱ्याला वही दाखवतो.

या वहीतली घराण्यांची नावे मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण मी विक्रेता आहे आणि वृत्तपत्राच्या पत्रातून माल खपवणे मला शोभणार नाही. पण द्राक्षांच्या जातींविषयी सांगायला हरकत नाही. सुरुवातीची काही वर्षे गोड पोर्ट वाईन वरचढ होती. किंमत कमी, चव गोड, आणि वडीलधाऱ्यांत तिने रक्त वाढते असा समज. तो समज मी दरवेळी खोडून काढतो. वाईन हे औषध नाही आणि औषध म्हणून ती मी कुणालाही देत नाही. त्यानंतर हळूहळू चेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाची वाईन वर आली आणि गेली काही वर्षे ती पहिल्या दोनांतून खाली उतरलेली नाही. याचे कारण आमच्या ताटात आहे. पाटोडीचा रस्सा, सावजी मटण, ठेच्यासोबतची ज्वारीची भाकर हे आमचे जेवण झणझणीत आहे. तांबड्या वाईनमधला तुरटपणा तिखटासोबत अधिकच बोचतो आणि मद्यार्क जास्त असेल तर जीभ भाजल्यासारखी होते. उलट चांगली गार केलेली, किंचित गोडसर आणि आंबट चेनिन त्या तिखटाला शांत करते. परदेशातल्या यादीत अशा वाईनला वरचा क्रमांक क्वचितच मिळत असेल, कारण तिथल्या परीक्षकाच्या शेजारी पाटोडीचा रस्सा ठेवलेला नसतो.

शिराझ या तांबड्या वाईनची गोष्ट निराळी आहे. ती एका परिचारिका ताईंमुळे वर चढली. त्या आणि त्यांचे यजमान डिसेंबरात मळ्यात रोडगे करतात. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, धुराचा वास लागलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वर तूप. त्यांनी वहीत लिहून घ्यायला लावलेले मत असे आहे: "धुराच्या चवीला ही बरी जोडीदार हाये, पण ठेचा वाढला का मंग नको." मी आजवर वाचलेल्या कुठल्याही परीक्षणाइतके ते वाक्य मला उपयोगी पडले आहे. त्यानंतर थंडीत कुणी भाजलेल्या पदार्थांचा बेत सांगितला की मी शिराझ काढून देतो, आणि नेणारा बहुतेक वेळा तीच मागायला परत येतो. सोव्हिन्याँ ब्लाँ ही पांढरी वाईन मात्र आमच्याकडे रुजली नाही. "पैसे देऊन आंबट प्याचं काऊन?" असे एका काकाजींनी विचारले होते. हुरड्याच्या दिवसांत ताज्या हिरव्या दाण्यासोबत ती फार छान लागते, हे मी स्वतः घरी अनुभवले आहे. पण माझे मत वहीत धरत नाही.

आणखी एक निकष मी तीन वर्षांपूर्वी वाढवला. उन्हाळ्याआधी आलेल्या प्रत्येक वाईनची एक बाटली मी पोळ्यापर्यंत त्याच मागच्या खोलीत ठेवतो आणि मग घरी उघडतो. जी आमचा उन्हाळा काढून पावसाळ्यातही चवीला ताजी राहिली, तिला पाच गुण अधिक. या कसोटीत फिरकीच्या झाकणाच्या साध्या, कमी किमतीच्या बाटल्या बुचाच्या बाटल्यांपेक्षा बऱ्या उतरल्या. बुचाची बाटली श्रीमंत दिसते म्हणून भेटीसाठी लोक तीच मागतात. त्यांना मी हे पान उघडून दाखवतो.

बुचाच्या बाटलीवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बूच सुकू नये म्हणून अशी बाटली आडवी ठेवायची असते. आमच्या भागात 'आडवी बाटली' या शब्दांचा अर्थ वेगळा आहे. गावातले दुकान बंद करण्यासाठी जे मतदान होते, त्यात उभी बाटली म्हणजे दुकान राहावे आणि आडवी बाटली म्हणजे बंद व्हावे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षे होती, आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बायांनीही तिच्यासाठी मोर्चे काढले आहेत. त्या मोर्चांत माझ्या नात्यातल्या बाया होत्या. त्यांनी जे घरात पाहिले आहे ते खरे आहे आणि त्यांच्यापुढे मी मान खाली घालूनच उभा राहतो. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दालनांत वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला आणि विरोधामुळे तो अमलात आला नाही, तेव्हाही मला त्या विरोधाचे कारण समजत होते. म्हणूनच मला वाईनची ती एक फळी महत्त्वाची वाटते. एकवीस वर्षांखालच्याला ती मी देत नाही. बेचाळीस टक्क्यांची क्वार्टर घेऊन दुकानाच्या मागे उभ्या-उभ्या घशात ओतणारा माणूस आणि बारा-तेरा टक्क्यांची एक बाटली घरी नेऊन चार जणांत, जेवणासोबत, तिच्या चवीबद्दल बोलत संपवणारी माणसे, या दोहोंतला फरक मी रोज काउंटरवरून पाहतो. वाईनही मद्यच आहे, हे मी कुणापासून लपवत नाही. पण जिथे चवीचे बोलणे सुरू होते तिथे पिण्याचा वेग कमी होतो, हे मी एकोणीस वर्षांत पाहिले आहे आणि यादीचे मला जे काही मोल वाटते ते त्या बोलण्यासाठी वाटते.

तेव्हा आपणास विनंती एवढीच आहे. पुढील डिसेंबरात अशी यादी छापताना तिच्यासोबत चार ओळी अधिक द्याव्यात: वाईन चाखताना परीक्षकांपासून नावे झाकली होती की नाही, द्राक्षे कोणत्या वर्षाची, ती बाटली महाराष्ट्रात मिळते का, आणि मिळत असल्यास इथली किंमत काय. जमल्यास मार्च-एप्रिलमध्ये, आपली तोडणी आटोपल्यावर, आपल्या राज्यातल्या वाईनविषयी एक पान करावे आणि त्या चाखायला नाशिक-पुण्याच्या जाणकारांसोबत अकोला, अमरावती, यवतमाळकडच्या दोन-चार गृहिणींना बसवावे, ताटात पाटोडी आणि वडाभात वाढून. त्यांची मते छापून आली तर मी ते पान वहीत चिकटवून ठेवीन.

यंदाच्या माझ्या यादीत एक चेनिन आणि एक शिराझ सध्या प्रत्येकी अकरा गुणांवर बरोबरीत आहेत. गुरुजींनी संक्रांतीला चेनिन नेली आहे आणि ते अजून परत आलेले नाहीत. त्यांच्या घरी नातीचे बाळंतपण आहे. पाडव्याआधीचे तीन बाजार शिल्लक आहेत. ते आले तर निकाल लागेल, नाही आले तर यंदा हळदीकुंकवाची दोन बोटे टेकवीन.

कळावे,

आपला नम्र वाचक,
एक परवानाधारक दुकानदार
तालुका वणी, जिल्हा यवतमाळ